अम्मी, जरा चहा टाक

मुनीर, तू गेल्यावर सगळ्यात आधी लोक हसले.

दोष त्यांचा नाही. मी माझ्या कामाच्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून खानदानाच्या ग्रुपवर लिहिलं, ‘मुनीर गेला.’ तोंडानं कुणाला सांगायचं धाडस होत नव्हतं म्हणून लिहिलं. आणि त्या ग्रुपवर हे वाक्य आपण इतकी वर्षं कशासाठी वापरत आलो ते तुला माहीत आहे. रत्नागिरीहून फरीदभाईचं लगेच उत्तर आलं, ‘या वेळी किती टिकला?’ खाली हसरी तोंडं. मुंब्र्याच्या चाचीनं विचारलं, गोळी की सुरी. कुणीतरी म्हणालं, पिक्चरचं नाव टाक, आम्हीपण बघतो. मी फोन मांडीवर ठेवून ती तोंडं बघत राहिले. मग लिहिलं, ‘खराच गेला.’ त्यानंतर माझा फोन वाजायला लागला तो दुसऱ्या दिवसापर्यंत थांबला नाही.

तुला मराठी वाचताना जोडाक्षरं अडायची. मी रत्नागिरीच्या मराठी शाळेत शिकून मग इथं आले, तू लहानपणापासून कुवेतच्या इंडियन स्कूलमधला. माझे लांबलचक मेसेज तू मलाच फोनवर वाचून दाखवायला लावायचास आणि वर म्हणायचास, आपा, तू लिहितेस तेव्हासुद्धा ओरडतेस. तर आता ओरडते आहे. ऐकून घे.

अमेरिकन पिक्चरवाल्यांना तू फार वेळ जिवंत परवडत नव्हतास. थ्रिलर असला की तू नायकाला एखादी महत्त्वाची गोष्ट सांगायचास आणि ती सांगितल्याबद्दल मरायचास. टॅक्सीवाला झालास, काचेतून गोळी आली. भूल देणारा डॉक्टर झालास, पार्किंगमध्ये गळा आवळला. हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस झालास, नायकाला खोलीची किल्ली दिलीस आणि पुढच्या सीनमध्ये जमिनीवर पडलेला होतास, नुसते बूट दिसत होते. तेव्हा तुझ्या भाचीनं, माझ्या सनानं, बुटांवरून तुला ओळखलं होतं. शेवटच्या पाटीवर तुझं नाव यायचं तेव्हा थिएटरमधले लोक जिना उतरत असायचे. आम्ही मात्र बसून राहायचो. सफाईवाला झाडू घेऊन उभा असायचा आणि अब्बा त्याला हातानं थांब म्हणायचे, माझ्या पोराचं नाव यायचंय.

कॉमेडी असली की तू वाचायचास. म्हणून अम्मीला कॉमेडी आवडायची, तिला त्यातलं अक्षर कळत नसलं तरी. त्या केमिस्टच्या रोलनं तर तुला रस्त्यावरचे लोक ओळखायला लागले. नायक घाईघाईनं गोळ्या गिळतो आणि तू चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगतोस, ‘सर, हे कुत्र्याचं औषध आहे.’ बस, एवढंच. पण ते सांगताना तू दोन्ही तळवे काउंटरवर पालथे ठेवलेस, बोटं जरा फाकवून, आणि अब्बा खुर्चीतून उठून उभे राहिले. “माजे हात हायत ते,” ते म्हणाले. खरंच होते. दस्मानच्या त्या किराणाच्या बकाल्यात अब्बा अख्खी जिंदगी काउंटरमागे उभे राहिले ते तसेच, तळवे पालथे ठेवून. शाळा सुटली की तू तिथं तांदळाच्या पोत्यावर बसून गिऱ्हाइकांच्या नकला करायचास आणि अब्बा तुला हाकलायचे. त्या पिक्चरनंतर त्यांनी दुकानातल्या येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला आपले हात दाखवले. मिसरी ड्रायव्हरला दाखवले, पोलिसाला दाखवले. मालकालाही दाखवले.

पण पहिला पिक्चर तो टॅक्सीवाल्याचा. आम्हाला काय ठाऊक? तू नुसतं सांगितलं होतंस, मोठ्या पडद्यावर येतोय, जाऊन बघा. नवे कपडे घालून आम्ही सगळे मॉलमध्ये गेलो. तू स्टिअरिंगवर बोटं वाजवत गुणगुणत होतास आणि अम्मी मला कोपरानं ढोसून दाखवत होती, बघ, बघ. तेवढ्यात काच फुटली. अम्मी अंधारात उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, “अरे, माजा पोर.” मागच्या रांगेतल्या कुवेती बायका कुजबुजायच्या थांबल्या. तिला बाहेर आणलं, पाणी पाजलं, सांगितलं की तो रंग असतो, नाटक असतं. मान हलवायची आणि रडायची. शेवटी मी तुला फोन लावला. तू झोपेत होतास. मी म्हटलं, मुडद्या, आधी हिच्याशी बोल. मी फोन तिच्या कानाला लावला आणि तू म्हणालास, “अम्मी, हा बघ, उठलो.” मग तिनं नाक पुसलं आणि विचारलं, “कपडे झटकलेस काय?” तू म्हणालास, झटकले. तेव्हा कुठं ती गाडीत बसली.

तिथून आपल्या घरची रीत पडली. अम्मीला थिएटर बंद, तिनं पिक्चर घरच्या टीव्हीवरच बघायचा. मी आधी एकटीनं बघून ठेवायचे की तू कुठं मरतोस. ती जागा जवळ आली की मी म्हणायचे, अम्मी, जरा चहा टाक. ती काही न विचारता उठायची. तू मरायचास, मी हाक मारायचे, ती ट्रे घेऊन यायची, पण कपाला हात लावायची नाही. मी तुला ‘झालं’ असा मेसेज टाकायचे. मग तुझा फोन. उठलो गं अम्मी. कपडे झटक. झटकले. त्यानंतर ती चहा प्यायची, बहुतेक वेळा गार झालेला, कारण तुला वेळेवर फोन करणं कधी जमलं नाही. शूटिंगवर असायचास, ट्रॅफिकमध्ये असायचास. पण आला नाही असं कधी झालं नाही, एवढं मी तुझ्या बाजूनं सांगेन.

मी तुला म्हणायचे की पुरे आता, ती लहान नाही, तिला सगळं कळतं. तू म्हणायचास, कळतं म्हणूनच करायचं.

आणि ती कॉमेडी आठवते, जिच्यासाठी अम्मीनं थिएटरची बंदी उठवली? तू म्हणाला होतास, यात मी शेवटपर्यंत जिवंत आहे, लग्नाच्या हॉलचा मॅनेजर आहे, सगळ्यांना घेऊन जा. आम्ही सगळ्यांना घेऊन गेलो. शेजारचे मालवणचे डॉक्टर, त्यांची बायको, अब्बांच्या दुकानातला पोऱ्या, कोण कोण. बिर्याणी घरी दम देऊन ठेवलेली. पिक्चर सुरू झाला, मध्यंतर झालं, संपला, तू नाहीस. तुझा एकच सीन होता, हॉलच्या बारमधला, आणि मागं कुणीतरी कुणाचा मुका घेत होतं. इथल्या सेन्सॉरच्या कात्रीनं ते सगळंच उडवलं, तुझ्यासकट. डॉक्टर बिचारे म्हणाले, फार छान होता पिक्चर. घरी येऊन अम्मीनं बिर्याणी वाढली आणि तुला फोन करून विचारलं, “तू व्हतास तरी काय त्यात?” तू इतका हसलास की तुला ठसका लागला. त्या दिवशी मी तुला पहिल्यांदा ओरडले नाही.

मला या गोष्टी आधी सांगायच्या होत्या. कारण पुढचं सांगायला लागले की माझा आवाज चढतो.

अब्बांना मी दुकानात जाऊन सांगितलं. ग्रुप बघून कुणीतरी त्यांना फोन करेल या भीतीनं मी गल्फ रोडनं कशी गाडी हाणली ते मलाच माहीत. ते एका बाईला खुबूसच्या रोट्या देत होते. मी म्हटलं, अब्बा, मुनीर गेला. त्यांनी बाईला पिशवी दिली, तळवे काउंटरवर ठेवले आणि माझ्याकडे हसून बघत विचारलं, “कंच्या पिक्चरमधी?”

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि त्यांचं हसू हळूहळू उतरलं. मग त्यांनी शटरची सळई शोधायला सुरुवात केली. ती रोजच्या जागीच होती आणि त्यांना सापडत नव्हती.

अम्मी घरी सुकट निवडत बसली होती. अब्बा तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे धरून बसले, ज्या माणसाला डॉक्टरनं जमिनीवर बसू नका सांगितलंय तो. त्यांनी तिला नीट सांगितलं. आपल्या बोलीत, सावकाश, काही न लपवता: मुनीरचं हृदय बंद पडलं, सकाळी, न्यूयॉर्कला, तो आता नाही. तिनं सगळं ऐकलं. हातातलं सुकटाचं डोकं मोडलं, ताटाच्या एका बाजूला टाकलं आणि विचारलं,

“फोन आला त्याचा?”

अब्बा म्हणाले, नाय. ती म्हणाली, “येल. उशिराच करतो तो.” मग पदराला हात पुसून तिनं आपला फोन घेतला आणि मुठीत धरला. त्यानंतर तो तिनं सोडला नाही. नमाज पढताना सोडला असेल तेवढाच.

मी इको करते, मुनीर. रोज माणसांच्या छातीवर जेल लावून हृदयाचे पडदे हलताना बघते. माणसाला धक्का बसला की काय होतं ते मला शिकवायला नको. पण ही बाई वेडी झाली नव्हती. तिनं मला जेवलीस का विचारलं. सनाची परीक्षा कधी आहे विचारलं. बायका यायला लागल्या, कुराणातली यासीन पढायला लागल्या, तिनं त्यांना पाणी दिलं. कुणी गळ्यात पडून रडली की ती तिच्या पाठीवरून हात फिरवायची. तिला सगळं ठाऊक होतं. फक्त एक गोष्ट राहिली होती, आणि ती झाल्याशिवाय ती पुढं सरकायला तयार नव्हती.

मला तुझा राग येतो आहे. तो दोन गोष्टींवरून येतो आहे आणि दोन्हींचं उत्तर द्यायला तू नाहीस, हे तर अगदी तुझ्या स्वभावाला धरून झालं.

पहिली गोष्ट. हेक्टरनं मला फोनवर सांगितली. ज्यानं तुला दोन पिक्चरांत मारलं तो हेक्टर, तुझा जिवलग, जो आपल्याकडे ईदला येऊन शिरखुर्म्याचे वाडगे रिकामे करून गेला. तो इतका रडत होता की मला आधी त्याचं इंग्रजी कळेना. तुम्ही दोघं सकाळी नाश्त्याला बसला होतात. तू मूठ छातीच्या मधोमध आणलीस. तुला घाम आला. त्यानं विचारलं तेव्हा तू म्हणालास, काही नाही, ॲसिडिटी आहे. त्यानं डॉक्टरचं नाव काढलं तर तू चिडलास. आणि हेक्टर हसला. त्यानं टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, तू लिफ्टवाला सीन करून दाखवतो आहेस. म्हणाला, पुन्हा कर, या वेळी जास्त चांगला झाला. तू टेबलावर डोकं टेकलंस तरी तो थोडा वेळ हसत होता.

लिफ्टवाला सीन तुला मी शिकवला होता. माझ्याच घरात, सालमियाच्या या हॉलमध्ये. तुला पिक्चरमध्ये हिशेबनीस म्हणून लिफ्टमध्ये मरायचं होतं आणि तू पंजा डावीकडे ठेवून डोळे फिरवत होतास. मी म्हटलं, हे असं कुणी मरत नाही. खऱ्या माणसाची मूठ मध्ये येते. घाम येतो. आणि तो कबूल करत नाही. म्हणतो, ॲसिडिटी आहे. डॉक्टर म्हटलं की चिडतो. तू आरशासमोर उभा राहून दुपारभर तेच करत होतास. अम्मीनं येऊन आपल्या दोघांना झाडलं, की असलं घरात करू नये. पुढं त्या सीनसाठी तुझी तारीफ झाली. दिग्दर्शकानं विचारलं, हे कुठून आणलंस. तू सांगितलंस, माझी बहीण.

हेक्टरला मी म्हटलं, तुझी काही चूक नाही. तीन वेळा म्हटलं, कारण तो ऐकत नव्हता. पण तुला काय म्हणू? तुला तर पाठ होतं. मूठ, घाम, चिडणं, सगळं तुझ्या अंगात मुरलेलं होतं. जगातल्या सगळ्या माणसांत तुला एकट्याला ओळखता यायला हवं होतं की हे तेच आहे. आणि तरी तू ॲसिडिटी म्हणालास. मी रोज त्या पेशंटांना ओरडते, चालत आत येतात आणि म्हणतात, गॅस झालाय. तुला ओरडायला मिळालं नाही.

दुसरी गोष्ट त्या बॉम्बवाल्याच्या रोलची. मागच्या हिवाळ्यात तू आलास तेव्हा गल्फ रोडला समुद्राच्या कडेनं चालताना मी विषय काढला. मी म्हटलं, टॅक्सीवाला हो, डॉक्टर हो, दहा वेळा मर. पण दाढी ठेवून, बिस्मिल्लाह म्हणून बस उडवणारा का झालास? तू थांबलास. पाण्याकडे बघत म्हणालास, “मी नाही केला तर दुसरा करेल, आपा. आणि तो त्याला दात विचकायला लावेल. माझा माणूस निघायच्या आधी बुटाची लेस बांधतो. घरातून निघताना दिवा बंद करतो. त्याला आई आहे हे दिसतं.” मी म्हटलं, लेस बघायला कोण बसलंय? लोक नाव बघतात. विमानतळावर तुला बाजूला घेतात तेव्हा लेस बघून सोडतात का? तू म्हणालास, “म्हणून तर. निदान एकाला तरी लेस दिसली पाहिजे.” मी म्हटलं, तो एक कोण ते मला आणून दाखव. तेवढ्यात अम्मीचा फोन आला, जेवण गार होतंय. तू म्हणालास, पुढच्या सुट्टीत पुरं करू हे.

आता तू मेलास म्हणून मी तुझ्याशी सहमत होणार नाही. मी चूक आहे असं मला अजूनही वाटत नाही. पण तो पिक्चर मी परवा पुन्हा लावला, एकटीनं, आवाज बंद करून. तू खाली वाकून लेस बांधतोस, एकदा बांधतोस, मग सैल वाटते म्हणून पुन्हा बांधतोस. मला ती दिसली. एवढंच सांगायचं होतं. बाकीचं भांडण तसंच राहू दे.

तुला इकडे आणायचं की तिथंच, यावर फार चर्चा झाली नाही. आमच्यापैकी कुणाकडे अमेरिकेचा व्हिसा नाही. तुला पेटीत घालून आणायचं तर किती दिवस लागतील ते कुणी सांगेना. अब्बा म्हणाले, “मातीला ताटकळत ठेवू नये.” हेक्टरनं तिथल्या मशिदीतल्या लोकांना गाठलं. त्या भल्या माणसांनी तुला ओळखत नसताना तुझं सगळं केलं. ठरलं की तिथल्या जोहरनंतर, दुपारच्या नमाजनंतर जनाजा, म्हणजे इथली रात्रीची इशा होऊन गेल्यावर. कफनाची गाठ बांधायच्या आधी चेहरा एकदा दाखवतील. हेक्टर फोन धरेल.

एकदाच. मला दिवसभर त्या एका गोष्टीची धास्ती होती. अम्मीनं तेव्हा बघितलं नाही तर ती बघणार कधी? तिच्यासाठी तू त्या टॅक्सीवाल्यासारखा, किल्ली देणाऱ्या माणसासारखा राहशील. ती फोन मुठीत धरून बसेल, उद्या, परवा, पुढच्या रमजानला, आणि कुणी काही बोललं तर म्हणेल, उशीरच करतो तो. मी तिला सकाळी सांगितलं, दुपारी सांगितलं. तिनं दोन्ही वेळा हो म्हटलं. तिचं ते हो मला चांगलं माहीत आहे. तू अमेरिकेला शिकायला जातो म्हणालास तेव्हाही तिनं तसंच हो म्हटलं होतं आणि तुझा पासपोर्ट पिठाच्या डब्यात लपवला होता.

फोन लहान पडत होता म्हणून सनानं तो मोठ्या टीव्हीला जोडला. ती चांगल्या मनानंच करत होती. पण टीव्ही लागला, अब्बा त्यांच्या खुर्चीत बसले, मी सोफ्याच्या कडेला, बायका जमिनीवर, आणि पडद्यावर तुझं नाव घेत कुणीतरी इंग्रजीत बोलायला लागलं. सगळी मांडामांड नेहमीची झाली. अम्मी दारात उभी होती. तिनं हे सगळं एकदा बघितलं.

मी काही म्हटलं नव्हतं. ती आपणहून म्हणाली, “मी चहा टाकते.” आणि आत गेली.

मी मागं गेले. तिनं पातेलं ठेवलं होतं, गॅस पेटवला होता. माझ्याकडे पाठ. मी म्हटलं, अम्मी, चेहरा दाखवतायत. ती म्हणाली, “झाला का मना हाक मार.” मी म्हटलं, आता नाही बघितलंस तर पुन्हा दिसणार नाही. ती आलं किसत राहिली. मला तिला हाताला धरून ओढत न्यावंसं वाटलं, खरं सांगते. मी म्हटलं, “अम्मी, या वेळी फोन नाय यायचा.”

तिचा हात थांबला. मग ती म्हणाली, “तू जा. तू बघ. तो एकटा हाय तिथं.”

मी बाहेर आले. तुझा चेहरा पडद्यावर होता. हेक्टरचा हात हलत होता त्यामुळे तू सारखा एका बाजूला सरकत होतास. माझ्या धंद्यात मी मेलेली माणसं बघितलेली आहेत आणि तुला तर कितीदा मेलेलं बघितलंय, प्रत्येक वेळी तुझ्या पापणीत काहीतरी चालू असायचं, ते मी शोधायचे आणि तुला फोनवर चिडवायचे की डोळा हलला. मी शोधलं. अब्बा खुर्चीतून पुढं वाकले होते. त्यांनी तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवले होते. सना माझ्या खांद्याला चिकटून म्हणाली, “ही लुक्स सो टायर्ड, मॉम.” मग कुणीतरी कफन ओढून घेतलं आणि गाठ मारली.

आतून चहा उतू गेल्याचा वास आला. मला वाटलं, संपलं. आता काही होणार नाही. अम्मीला तुझा चेहरा चुकला, आणि आता आम्ही सगळे मरेपर्यंत तिच्याबरोबर त्या फोनची वाट बघणार.

तुला उचलून नेलं. तिथं थंडी होती, लोकांच्या तोंडातून वाफ निघत होती. तुला खाली उतरवलं. फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला आणि हेक्टर पुढं आला. त्याला काय करायचं कळत नव्हतं, त्यानं इकडेतिकडे बघितलं, बाजूच्या म्हाताऱ्यानं त्याच्या ओंजळीत माती दिली. तो ती टाकेना. ज्यानं तुला पिक्चरात गोळ्या घातल्या त्याच्या हातून मूठभर माती सुटेना. अब्बा टीव्हीकडे बघत म्हणाले, “टाक, बाबा. हळू टाक.” जणू त्याला ऐकू जाणार होतं. त्यानं टाकली. मग बाकीच्यांनी टाकली. पांढऱ्यावर ती काळी माती फार स्पष्ट दिसत होती.

मी मान वळवली तर अम्मी दारात होती.

मी हाक मारली नव्हती. कुणीच मारली नव्हती. एका हातात चहाची गाळणी, तिच्यातून फरशीवर थेंब पडत होते, दुसऱ्या हातात फोन. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा मधेच आली होती. ती बायकांमधून वाट काढत टीव्हीपर्यंत गेली, अगदी जवळ, आमच्या कुणालाच मग काही दिसेना आणि कुणी तिला बाजूला हो म्हटलं नाही. माती पडत होती. ती बघत होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, पडली तर धरायला. ती पडली नाही. तिनं पदराचं टोक उचललं, पडद्याजवळ नेलं, काहीतरी पुसायला नेतात तसं, आणि परत खाली सोडलं.

“असू दे,” ती तुला म्हणाली. “आता नको झटकू.”

मग तिनं मागं न बघता हात माझ्याकडे केला आणि फोन मला दिला. तो तिच्या मुठीत राहून गरम झाला होता.